फौजदारी कायद्यांची विधेयके संसदीय समितीपुढे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१ जुलै २०२४ पासून देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कलमांचे आकडे बदलले. खुनासाठी ३०२ ऐवजी १०३, फसवणुकीसाठी ४२० ऐवजी ३१८. आकड्यांची ही अदलाबदल सगळ्यांच्या कानावर आली. पण त्याआधी संसदेच्या एका समितीने ही विधेयके वाचली होती, त्यातले काय बदला आणि काय ठेवा हे लिहून दिले होते, हे फार थोड्यांना माहीत आहे. त्या समितीविषयी वकिलीच्या विद्यार्थ्यांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत कोणालाही पडतील असे प्रश्न इथे घेतले आहेत.

कोणती विधेयके आणि कोणती समिती?

११ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी लोकसभेत तीन विधेयके मांडली: भारतीय दंड संहितेच्या (१८६०) जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (१९७३) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या (१८७२) जागी भारतीय साक्ष्य विधेयक. आठवड्याभरात तिन्ही विधेयके गृह खात्याशी संलग्न असलेल्या संसदीय स्थायी समितीकडे गेली आणि अहवालासाठी तिला तीन महिन्यांची मुदत मिळाली. समितीचे अध्यक्ष होते राज्यसभा सदस्य ब्रिजलाल. ते उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक आहेत.

समितीने तीन स्वतंत्र अहवाल दिले, क्रमांक २४६, २४७ आणि २४८. १० नोव्हेंबरला ते राज्यसभेच्या सभापतींना सादर झाले आणि ४ डिसेंबर २०२३ रोजी दोन्ही सभागृहांपुढे ठेवले गेले.

स्थायी समिती, प्रवर समिती, संयुक्त समिती यांत फरक काय?

स्थायी समिती कायम असते. तिच्याकडे ठरावीक खाती सोपवलेली असतात. खात्यांशी संलग्न अशा समित्यांची पद्धत १९९३ मध्ये सुरू झाली. आज अशा २४ समित्या आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, त्यांपैकी २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्र्याला यात बसता येत नाही. प्रवर समिती एका सभागृहाची आणि एका विधेयकापुरती. संयुक्त समितीही विधेयकापुरतीच, पण दोन्ही सभागृहांची.

प्रत्येक विधेयक समितीकडे जातेच का?

नाही. पाठवायचे की नाही हा निर्णय आहे, सक्ती नाही. संसदेच्या कामकाजाची मोजदाद ठेवणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चच्या आकडेवारीनुसार पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत ते प्रमाण १६ टक्क्यांवर आले. म्हणून ही तिन्ही विधेयके समितीकडे गेली याची नोंद घ्यायलाच हवी. तुरुंगवासापासून फाशीपर्यंतच्या शिक्षा ज्या मजकुरावर अवलंबून आहेत, तो मजकूर सभागृहातल्या दोन दिवसांच्या चर्चेत वाचून होत नाही.

समिती प्रत्यक्षात करते काय?

सभागृहात भाषणे होतात. समितीत वाचन होते. फरक एवढा साधा आहे आणि एवढाच मोठा आहे.

सुरुवातीला संबंधित खात्याचे सचिव येऊन विधेयक समजावून सांगतात. या वेळी २४ ऑगस्टपासून सलग तीन दिवस बैठका झाल्या आणि तत्कालीन गृहसचिव अजय भल्ला यांनी सादरीकरण केले. त्यानंतर जाणकारांच्या साक्षी होतात: वकील, निवृत्त न्यायाधीश, पोलीस अधिकारी, कायद्याचे प्राध्यापक. सदस्य प्रश्न विचारतात, खात्याकडून लेखी उत्तरे मागवतात. मग खंडनिहाय विचार सुरू होतो. विधेयक कायदा होईपर्यंत त्यातल्या तरतुदींना 'खंड' म्हणतात, कायदा झाल्यावर त्याच तरतुदी 'कलमे' होतात. अहवाल वाचताना हे लक्षात ठेवावे, कारण अहवालातले खंड क्रमांक आणि आजच्या कायद्यातले कलम क्रमांक जागोजागी जुळत नाहीत. पहिल्या न्याय संहिता विधेयकात ३५६ खंड होते, अंतिम कायद्यात ३५८ कलमे आहेत. नागरिक सुरक्षा संहितेत ५३३ चे ५३१ झाले.

बैठका बंद दाराआड होतात, त्यांचे थेट प्रक्षेपण नसते. लपवाछपवी म्हणून यावर टीका होते. मला ती पटत नाही. कॅमेरा नसल्यामुळेच सत्ताधारी पक्षाचा सदस्यसुद्धा आपल्याच सरकारच्या मसुद्यातला एखादा शब्द संदिग्ध आहे असे म्हणू शकतो. अहवाल सादर झाला की तो सार्वजनिक होतो, मग मात्र तो लोकांनी वाचला पाहिजे.

तीन कायद्यांसाठी तीन महिने पुरेसे होते का?

माझे स्पष्ट मत: नाही.

तुलना करून पाहा. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता ज्या पायावर उभी राहिली, तो विधी आयोगाचा ४१ वा अहवाल १९६९ चा. त्यावर आधारित विधेयक १९७० मध्ये राज्यसभेत आले, संयुक्त समितीने ते तपासले आणि कायदा लागू झाला १ एप्रिल १९७४ ला. एका संहितेसाठी एवढी वर्षे लागली होती. २०२३ मध्ये एकाच समितीपुढे तिन्ही संहिता एकाच वेळी होत्या, एक हजाराहून अधिक खंड.

सरकारची बाजू अशी की काम २०२३ मध्ये सुरू झालेले नाही. मे २०२० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू प्रा. रणबीर सिंह यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमली होती, राज्ये आणि न्यायालयांकडूनही सूचना मागवल्या होत्या. हे खरे आहे. पण त्या टप्प्यावर चर्चेला विधेयकाचा मजकूर नव्हता. प्रश्नावलीवर मत देणे वेगळे आणि छापील वाक्यातल्या 'किंवा'मुळे कोण आत जाईल हे तपासणे वेगळे. हे दुसरे काम ऑगस्ट २०२३ नंतरच शक्य होते. अहवाल २७ ऑक्टोबरच्या बैठकीत मंजूर व्हायचा होता. मसुदा वाचायला आणखी वेळ हवा असे विरोधी सदस्यांनी म्हटल्यावर तो ६ नोव्हेंबरला मंजूर झाला.

उलट बाजूही सांगायला हवी. उशीर झाला म्हणजे काम चांगले होतेच असे नाही. दंड संहितेच्या व्यापक दुरुस्तीचे १९७२ चे विधेयक संयुक्त समितीतून गेले, १९७८ मध्ये राज्यसभेने संमतही केले आणि १९७९ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा व्यपगत झाले. सगळी मेहनत वाया गेली.

समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक असतात का?

नाही. त्या सल्ल्याच्या स्वरूपाच्या असतात. सरकार त्या स्वीकारते, अर्धवट स्वीकारते किंवा बाजूला ठेवते.

मग समितीमुळे काही बदलले का?

बदलले. अहवाल आल्यावर सरकारने जुनी तिन्ही विधेयके मागे घेतली आणि १२ डिसेंबर २०२३ ला दुरुस्त केलेली नवी तीन विधेयके मांडली. दोन्ही मसुदे शेजारी ठेवले की फरक दिसतो.

हातकड्यांचे उदाहरण घ्या. पहिल्या मसुद्यात ज्या आरोपींना अटकेच्या वेळी हातकडी घालता येईल त्यांच्या यादीत आर्थिक गुन्हेही होते. 'आर्थिक गुन्हा' म्हणजे धनादेश न वटण्यापासून बँकेच्या महाघोटाळ्यापर्यंत काहीही. समितीने तो शब्द काढायला सांगितले आणि तो निघाला. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सरसकट हातकड्या घालणे अमानुष ठरवले होते, हे ध्यानात घेतले तर एका शब्दाचे मोल कळते.

दुसरे, मनोविकाराचे. गुन्हा करताना आपण काय करतो आहोत हे ज्याला कळत नव्हते त्याला कायदा जबाबदार धरत नाही. जुन्या कायद्यात त्यासाठी 'विकल मन' या अर्थाची संज्ञा होती. पहिल्या मसुद्याने ती बदलून 'मानसिक आजार' घातले. ऐकायला आधुनिक. पण मानसिक आजाराची कायद्यातली व्याख्या विस्तृत आहे, आणि सौम्य आजार असलेला माणूसही त्या आडोशाला जाऊ शकला असता. दुसरीकडे जन्मजात बौद्धिक अक्षमता असलेला माणूस बाहेर राहिला असता, कारण त्या व्याख्येत ती मोडत नाही. समितीने जुनी संज्ञा परत आणायला सांगितले. ती आली.

तिसरे, सामुदायिक सेवा. किरकोळ गुन्ह्यांसाठी तुरुंगाऐवजी समाजोपयोगी कामाची शिक्षा ही या संहितेतली खरोखर नवी आणि चांगली गोष्ट. पण सेवा म्हणजे काय, हे पहिल्या मसुद्यात कुठेच नव्हते. समितीने व्याख्या मागितली. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ मध्ये आता स्पष्टीकरण आहे: न्यायालय दोषी व्यक्तीला शिक्षा म्हणून करायला लावेल असे, समाजाच्या हिताचे आणि विनामोबदला काम.

निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पहिल्या मसुद्यात सात वर्षांपर्यंत कैद होती, जुन्या कायद्यात दोन. समितीने पाच सुचवली आणि ती स्वीकारली गेली. नोंदणीकृत डॉक्टरांसाठी उपचारादरम्यानच्या निष्काळजीपणाला दोन वर्षांची मर्यादा मात्र लोकसभेतल्या चर्चेच्या वेळी सरकारी दुरुस्तीने आली.

दुसऱ्या मसुद्यातला प्रत्येक बदल समितीचाच, असे मानू नये. जमावाने केलेल्या हत्येसाठी पहिल्या मसुद्यात किमान सात वर्षांच्या कैदेचा पर्याय होता, तो नंतर गेला. आता फाशी किंवा जन्मठेप. किरकोळ संघटित गुन्ह्यांच्या व्याख्येतून 'नागरिकांमध्ये असुरक्षिततेची भावना' यासारखी सैल भाषाही गेली. अशा ठिकाणी समितीचा अहवाल, बाहेरची टीका आणि खात्याचा स्वतःचा फेरविचार यांचे धागे वेगळे करणे अवघड आहे.

सरकारने समितीचे काय ऐकले नाही?

दोन गोष्टी ठळक आहेत आणि त्या दोन्हींबाबत माझी मते एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

पहिली, व्यभिचार. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी जोसेफ शाईन खटल्यात दंड संहितेचे कलम ४९७ रद्द केले होते. तो गुन्हा स्त्री-पुरुष दोघांना सारखा लागू करून परत आणावा अशी शिफारस समितीने केली. सरकारने ती घेतली नाही, हे बरे झाले. न्यायालयाचा आक्षेप केवळ भेदभावाचा नव्हता. प्रौढांच्या खासगी नात्यात फौजदारी कायद्याने शिरू नये असाही होता. घटस्फोटासाठी व्यभिचार हे कारण आजही आहेच.

दुसरी, 'अनैसर्गिक' लैंगिक संबंध गुन्हा ठरवणारे दंड संहितेचे कलम ३७७. इथे सरकारने समितीचे ऐकायला हवे होते. नवतेज सिंह जोहर खटल्यात (६ सप्टेंबर २०१८) न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे संबंध या कलमातून मुक्त केले. संमतीविरुद्धची कृत्ये, बालकांशी आणि प्राण्यांशी केलेली कृत्ये यांना ते कलम लागूच राहिले होते. नव्या संहितेत ते कलम संपूर्ण गेले. पुरुष, तृतीयपंथी व्यक्ती आणि प्राणी यांच्यावरच्या लैंगिक अत्याचारासाठी तरतूद ठेवा, असे समितीने सांगितले होते. ती आली नाही.

याचा परिणाम काय, तो शांतपणे समजून घ्या. बलात्काराच्या कलमात पीडित स्त्रीच असते. बालकांना पोक्सो कायदा आहे, तो मुलगा-मुलगी भेद करत नाही. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्यात लैंगिक छळाला सहा महिने ते दोन वर्षे एवढीच कैद आहे. आणि प्रौढ पुरुषावर बळजबरी झाली तर ठाणे अंमलदाराला दुखापत, गैरवाजवी बंदिवास, धमकी अशी कलमे गोळा करावी लागतात. त्याच्यावर जे घडले त्याचे नाव त्याच्या तक्रारीत कुठेच येत नाही. समितीने ही पोकळी कायदा होण्याआधीच दाखवून दिली होती, म्हणून ती नजरचूक म्हणता येणार नाही.

पोलीस कोठडीचा वाद नेमका काय आहे?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सर्वांत जास्त चुकीची उत्तरे मिळणारा. 'पोलीस कोठडी ९० दिवसांची झाली' असे सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. 'काहीच बदलले नाही' हेही चूक आहे.

जुन्या व्यवस्थेत अटकेनंतरच्या पहिल्या १५ दिवसांतच पोलीस कोठडी मिळू शके. १९९२ च्या अनुपम कुलकर्णी निकालाने हे पक्के झाले होते. सोळाव्या दिवसापासून आरोपी न्यायालयीन कोठडीत, म्हणजे तुरुंगात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार पोलीस कोठडीचे एकूण दिवस १५ च आहेत, पण ते सलग किंवा तुकड्यातुकड्यांत, गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत केव्हाही मागता येतात.

तपास अधिकाऱ्याची अडचण खरी आहे: आरोपी अटक होताच रुग्णालयात दाखल झाला तर पंधरा दिवस तिथेच संपतात. पण आरोपीच्या बाजूने पाहा. पाच दिवसांची कोठडी वापरून झाली, तो तुरुंगात गेला, जामिनाचा अर्ज केला. आता सरकारी वकील म्हणू शकतात की आमचे दहा दिवस शिल्लक आहेत, जामीन देऊ नका. तुरुंगातून पुन्हा पोलिसांच्या ताब्यात जाण्याची टांगती तलवार दोन महिने राहते. समितीने या खंडाचा वेगवेगळा अर्थ लागू शकतो हे नोंदवून तो अधिक स्पष्ट करणारी दुरुस्ती सुचवली होती. दुसऱ्या मसुद्यात ती झाली नाही. त्यामुळे जे काम एका वाक्याच्या दुरुस्तीने झाले असते ते आता न्यायालयांना निकालांमागून निकाल देत करावे लागते आहे.

भिन्नमतपत्रिका म्हणजे काय?

अहवाल बहुमताने ठरतो. ज्या सदस्याला तो मान्य नाही तो आपले मत लिहून देतो आणि ते अहवालाला जोडले जाते. या वेळी अधीर रंजन चौधरी, पी. चिदंबरम, दिग्विजय सिंह, डेरेक ओब्रायन, काकोली घोष दस्तीदार, दयानिधी मारन, एन. आर. एलांगो यांच्यासह अनेकांनी भिन्न मते नोंदवली. आक्षेप मुख्यतः असे: बहुतांश मजकूर जुनाच असताना संपूर्ण नवे कायदे कशाला, पुरेशा तज्ज्ञांना बोलावले नाही, घाई झाली, नावे हिंदीत का. यातले सगळे मला पटत नाही, पण अहवालाइतक्याच लक्षपूर्वक ही पाने वाचावीत असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पुढे न्यायालयात उभे राहणारे बरेच युक्तिवाद पहिल्यांदा तिथेच मांडलेले सापडतात.

हिंदी नावांवर समितीने काय म्हटले?

संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे कायद्याचा अधिकृत मजकूर इंग्रजीत असावा लागतो. मजकूर इंग्रजीत आहे, त्यामुळे नावाने अनुच्छेदाचा भंग होत नाही, असे समितीचे मत पडले.

दुसरी विधेयके पुन्हा समितीकडे का गेली नाहीत?

समितीच्या शिफारशींनंतरच ती तयार झाली, त्यामुळे गरज नाही अशी सरकारची भूमिका होती. २० डिसेंबरला लोकसभेने, २१ ला राज्यसभेने ती संमत केली आणि २५ डिसेंबर २०२३ ला राष्ट्रपतींची मोहोर उमटली. त्याच अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले होते. समितीत भिन्न मत नोंदवलेल्यांपैकी काही जण चर्चेच्या वेळी सभागृहात नव्हते. समितीतला वाद सभागृहात पोहोचणे हा या व्यवस्थेचा अर्धा भाग आहे, आणि तो या वेळी राहून गेला.

ट्रकचालकांच्या संपाचा याच्याशी काय संबंध?

न्याय संहितेचे कलम १०६(२): बेदरकार वाहन चालवून मृत्यू घडवला आणि पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळ काढला तर दहा वर्षांपर्यंत कैद. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला चालकांनी चाके थांबवली आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. जमाव मारेल म्हणून आम्ही थांबत नाही, हे चालकांचे म्हणणे होते. तिन्ही कायदे लागू करणाऱ्या फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेतून हे एक उपकलम वगळले गेले. ज्यांच्यावर कायदा थेट पडणार आहे त्यांना साक्षीला बोलावणे का गरजेचे असते, याचे याहून बोलके उदाहरण मला सुचत नाही.

महाराष्ट्र विधिमंडळात अशी सोय आहे का?

आहे, आणि तिला इथे 'संयुक्त चिकित्सा समिती' म्हणतात. स्त्रिया आणि बालकांवरच्या अत्याचारांसाठी कडक शिक्षा सुचवणारे शक्ती विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडले गेले, संयुक्त समितीकडे गेले आणि वर्षभरानंतर सुधारित रूपात संमत झाले. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत, असल्याने केंद्रीय कायद्याशी विसंगत तरतुदींना राष्ट्रपतींची संमती लागते. ती मिळाली नाही. विशेष जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. जुलै २०२५ मध्ये ते संमत झाले तेव्हा मूळ मसुद्यातली काही भाषा बदललेली होती.

सामान्य नागरिकाला समितीपुढे म्हणणे मांडता येते का?

समितीने जाहीर आवाहन केले तर नक्कीच, आणि लेखी निवेदन कोणीही पाठवू शकतो. निवेदन लिहिताना एक पथ्य पाळा. 'हा कायदा जुलमी आहे' असे लिहिलेल्या हजार पत्रांपेक्षा 'खंड अमुक, ओळ तमुक, या शब्दाऐवजी हा शब्द घाला, कारण असे' हे एक पत्र जास्त उपयोगी पडते. तुमचा अनुभव असेल तर तोही लिहा, पण खंडाशी जोडून. निवेदन पाठवल्यावर अहवाल येईपर्यंत त्यातला मजकूर प्रसिद्ध करू नये, असा संकेत आहे.

कायदे लागू झाले, आता हे अहवाल वाचून काय उपयोग?

वकिलाला थेट उपयोग आहे. कल्पना मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०१८ मध्ये ठरवून दिले की संसदीय समितीच्या अहवालाला न्यायालयात आव्हान देता येत नाही, पण कायद्याचा अर्थ लावताना त्याचा आधार घेता येतो. म्हणजे कलम १८७ चा वाद आला की २४७ वा अहवाल काढून 'ही संदिग्धता संसदेच्या समितीलाच दिसली होती' असे दाखवता येते.

वाचायचा क्रम सांगतो. आधी ज्या कलमाशी तुमचे काम आहे त्याचा पहिल्या विधेयकातला खंड शोधा. मग अहवालात त्या खंडावरची चर्चा आणि शेवटची शिफारस. त्यानंतर मागे जोडलेल्या भिन्नमतपत्रिका. सर्वांत शेवटी आजच्या कायद्यातले कलम उघडा आणि शब्दाला शब्द लावून पाहा. तिन्ही अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर इंग्रजी आणि हिंदीत मोफत उपलब्ध आहेत.